सारामावशींची पंगत

कस्टर्डचा जग हातात घेतला की सारामावशी आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवायच्या. एक जरी पोर उभं दिसलं तरी वाढत नसत. "मूव्ह अप, लव्ह!" असा त्यांचा खणखणीत आवाज शाळेचं जेवणघर दणाणून सोडायचा.

आमची ओळख झाली ती एका शिवीमुळे. साठच्या दशकात बाबांना लंडनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि नऊ वर्षांची मी पुण्याहून थेट तिथल्या एजवेअर उपनगरातल्या शाळेत येऊन पडले, खोबरेल चोपडलेल्या दोन वेण्यांसकट. जीन नावाची मुलगी शेजारच्या रिकाम्या जागेवर कार्डिगन टाकून म्हणायची, "टेकन!" बाकीच्या खिदळायच्या. मी ताट घेऊन भिंतीशी. एकदा न राहवून पुटपुटले, "सटव्या मेल्या!"

"कोण गं सटवी?" पांढऱ्या टोपीखालून प्रश्न आला. ताट हातून पडायचंच बाकी राहिलं. "अलिबागची आहे मी. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. शिव्या समजतात हो मला!"

मी रडत रडत सांगून टाकलं, की मला ही शाळा नको, बाबांना सांगून मी पुण्याला काकूकडे जाणार. आणि तुम्ही त्या जीनला कस्टर्ड देऊ नका.

"छे! वाढणारीनं पंक्तिप्रपंच करायचा नसतो. एकाला जास्त, एकाला कमी, हे आपल्यात नाही. उद्याचा दिवस ये. मग खुशाल जा."

शाळेत सगळे मावशींना माल्टाच्या, म्हणजे युरोपातल्याच, समजत. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्या काळी ते सोयीचं होतं. मी त्यांना बोल लावत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जीनच्या बाकाशी थांबल्या. "एव्हरीबडी सिट्स, देन आय पोअर."

"शी स्मेल्स, मिस. हर हेअर."

मावशींनी टोपी काढली आणि तेलाने चपचपीत अंबाडा जीनच्या नाकापुढे धरला. "सेम ऑइल, लव्ह. आय ॲम फ्रॉम इंडिया टू. गो ऑन, स्मेल."

याच बाईंच्या हातचं सगळ्यांनी आजवर मागून मागून खाल्लं होतं. जीनचे कान लाल झाले. तिने कार्डिगन उचललं. मी बसले. मावशींनी जीनलाही माझ्याइतकंच वाढलं, त्याचा मला भयंकर राग आला.

पुण्याचा विषय मी घरी काढलाच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघींनी मात्र त्या दिवसापासून मावशींबरोबर चहा प्यायचं सोडलं.

पुढे सत्तरच्या दशकात मावशी आपल्या लेकीकडे इस्राएलला कायमच्या निघाल्या, तेव्हा मी भेटायला गेले. विचारलं, "मावशी, टोपी कशाला काढलीत? जीनला नुसतं दटावलं असतंत तरी ती सरकली असती."

"सरकली असती गं. पण तेलाची लाज तुझ्या एकटीच्याच डोक्यावर राहिली असती ना?"