दुपट्ट्याच्या आतली हवा

पिकावर नॅनो औषध फवारताना त्यातले अतिसूक्ष्म कण माणसाच्या श्वासात किती जातात, हे मोजायचं माझं काम. यवतमाळच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत यंत्रं आली होती, पण ती अंगावर बांधून दिवसभर कपाशीत फिरणारा माणूस मिळत नव्हता. दोन गावांनी चहा पाजून नाही म्हटलं.

शेवटी घाटंजीकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी तयार झाला. मागे एकदा फवारणीनंतर त्याला दिसेनासं झालं होतं, दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"तिथल्या डॉक्टरनं विचारलं, काय फवारलं होतं? मले सांगताच नाही आलं," तो म्हणाला. "बांधा तुमची मशीन."

मी आधी त्याला चांगला मास्क देऊ केला. त्यानं तो परत केला. "यानं दम कोंडते, मॅडम. मी रोज तोंडाले दुपट्टा बांधतो. जसं रोज करतो तसंच मोजा."

म्हणून यंत्राचा एक फिल्टर दुपट्ट्याच्या बाहेर लावला, एक आत, नाकाजवळ. तो फवारत चालला. मी मास्क लावून मागे. त्याची बायको धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन बसलेली. दुपारी तिनं आधी त्याचे डोळे धुतले, मग माझे हात साबणानं दोनदा धुवायला लावले आणि मगच भाकर वाढली. इतक्या मायेनं मला कोणी जेवू घातल्याला बरीच वर्षं झाली होती.

फिल्टर नागपूरला तपासून आले. आतल्या फिल्टरवरही तेच कण होते, बाहेरच्यापेक्षा थोडेच कमी. दुपट्टा जवळजवळ काहीच अडवत नव्हता.

हे सांगायला तांड्यावर जाताना मला धास्ती वाटत होती. ऐकून त्यानं दुपट्टा उजेडात धरून पाहिला. बायकोनं विचारलं, "आत जाऊन काय करते हे?"

"ते अजून नीट कळलेलं नाही," मी म्हणाले. "मलाही सांगता येणार नाही."

तो हसला. "दुकानदार म्हणते काही होत नाही. गावातले म्हणते सगळे मरतीन. माहीत नाही असं म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या."

मग त्यानंच मास्क मागितला. घट्ट बसतो का, हे आम्ही अंगणात बसून पाहिलं. दम कोंडू नये म्हणून आता तो सकाळच्या गारव्यातच फवारणी उरकतो. पुढच्या हंगामात त्यानं तांड्यावरची आणखी चार माणसं मोजणीला आणली. ज्या गावांनी नकार दिला होता, त्यातल्या एकानं स्वतःहून निरोप पाठवला.

नियमाप्रमाणे अहवालात त्या नवरा-बायकोची नावं येत नाहीत. शेवटी आभार मानायला दोन ओळींची जागा असते. त्या ओळी लिहायला मला अख्ख्या अहवालापेक्षा जास्त वेळ लागला.