भिंतीच्या बाहेर

कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मला सक्करदऱ्याचं आमचं मागाचं घर आठवतं. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबांनी मागावरचं कापड कापलं आणि त्यात माझ्या तान्ह्या भावाचा देह गुंडाळला.

आम्ही ख्रिस्ती झालो होतो, पण नाव बाराव्या दिवशीच ठेवायचं ही कोष्ट्यांची रीत सुटली नव्हती. बाप्तिस्म्यातच नाव द्यावं लागतं, म्हणून तोही थांबवला. बारावा दिवस यायच्या आधीच बाळ गेलं होतं.

फादर दारातूनच म्हणाले, "आदिपाप धुतलं गेलं नाही. कब्रस्तानात जागा देता येणार नाही."

खाटेवरून आई म्हणाली, "त्यानं तं अजून डोये बी नीट उघडले नव्हते, फादर. पाप कवा केलं त्यानं?"

"त्यानं नाही, बाई. आदामानं केलं. ते सगळ्यांतच येतं."

बाबा त्याला कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, बाभळीखाली पुरून आले. तेव्हा मला आदामाचा फार राग आला होता. आता कोणाचा येतो, ते सांगत नाही.

म्हातारपणी आई गेली. जाताना तिनं एकच मागितलं, "मले भिंतीच्या भाईर ठेवजा."

तिचा बाप्तिस्मा तर केव्हाच झाला होता.