पडद्यामागच्या बांगड्या

माझ्या माघारी ही वही कुणाच्या हाती लागली, तर त्याने अक्षरावर रागावू नये. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत नाही, आणि अक्षर बारीक शिलाई करणाऱ्या हाताचं, लहान आणि वाकडं. चुकेल ते माफ करावं. तोंडाने मला बोलवत नाही, म्हणून लिहिते.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं जादूच्या सामानाचं दुकान आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, लाकडी पेट्या बनवायचे. मी पडद्यामागे बसून रेशमी रुमाल आणि दुहेरी अस्तराच्या थैल्या शिवायची. नांदेडहून, अहमदपूरहून खेळ करणारे यायचे. नुसती हौस असलेलेही यायचे, एखादा मास्तर, एखादा कंपाउंडर.

मालकांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, गुपित शिकायचं, पण वस्तू लगेच घरी न्यायची नाही. आधी दुकानात सराव करून खेळ दाखवायचा. मालक समोर बसायचे आणि मी पडद्याच्या फटीतून बाजूने बघायची. समोरच्याला फसवणं सोपं असतं, पण गावात माणसं बाजूलाही बसतात, ओट्यावरही चढतात. मला काही दिसलं की मी हातातल्या बांगड्या वाजवायची. मालक लगेच म्हणायचे, "अजून हात कच्चा हाय. पुढल्या बाजाराला या." गिऱ्हाइकाला वाटायचं, आत बाई भांडी घासायलीय.

एक जण एकदा चिडला. "पैसे घेऊन बसलाव मालक, वस्तू कधी देताव?"

मालक म्हणाले, "लोक हसले तर तुम्हाला हसतील. पर झोप माझी जाईल."

आता सगळी गुपितं मोबाइलवर फुकट दिसतात. पण तुमचा हात बाजूने कसा दिसतो, ते मोबाइल सांगत नाही. ते सांगणारं दुकान चांगलं, एवढं मला कळतं. आणि मी नेमकं तिथंच चुकले.

दोन वर्षांखाली मालक गेले. त्याच दिवशी माझ्या बांगड्या उतरल्या. पुढं मी काउंटरवर बसायला लागले आणि पडद्यामागे कुणी उरलं नाही.

पहिल्याच महिन्यात लातूरजवळच्या मुरुडचे एक रिटायर कंडक्टर आले. नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं, तिथं त्यांना खेळ करायचा होता. मालकांच्या हातची शेवटची पेटी त्यांनी पसंत केली. तीत मी शिवलेलं कापडी कबुतर ठेवलं की नाहीसं होतं. साडेचार हजार त्यांनी मोजून दिले. गुपित मी कागदावर लिहून दिलं. ते काय आहे, ते या वहीतही लिहिणार नाही. चार दिवस त्यांनी दुकानात सराव केला. मग म्हणाले, "बघा बाई, जमलं का?"

मी बघितलंच नाही. परक्या माणसाकडे टक लावून बघायला माझी मान वर होईना. मी काउंटरच्या काचेकडे बघत बसले. तेवढ्यात मागे, पडद्याआड, बांगड्या वाजल्या. दोनदा. तो आवाज माझ्याच हातचा होता, आणि माझे दोन्ही हात रिकामे, समोर काचेवर होते.

मागे वळून बघायचीही छाती झाली नाही.

"हाव," मी म्हणाले, "जमलं."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. रागावलेले नव्हते. तेच वाईट होतं.

"बाजूला पोरं बसली होती ओ बाई. ओरडली सगळी, आजोबा, कबुतर दिसलं! नात उठून पार मागं जाऊन बसली. तीस वर्सं तिकिटं फाडली मी, असं कुणी हसलं न्हाई." मग त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली. 'गुपित सांगितल्यावर पैसे परत मिळणार नाहीत.' मालकांच्या हातची. "पैसे मागत न्हाई. एवढंच सांगा, तुम्ही बघितलं होतं न्हवं?"

मी पदराने काउंटरची काच पुसायला लागले. ते चपला घालून गेले.

त्यानंतर रोज दिवेलागणीला बांगड्या वाजायच्या. पडदा काढून धुतला, तरी वाजायच्या. उतरवलेल्या बांगड्यांची कपाटातली पुडी उघडून बघितली, तर त्या होत्या तशाच.

शेवटी एका सकाळी एसटीने मुरुडला गेले. त्यांच्या दारात उभी राहून, जमिनीकडे बघतच म्हणाले, "मी बघितलं नव्हतं." जवळचे पंधराशे पुढं केले. "बाकीचे आणून देते." ते घेईनात. मी ओट्यावर ठेवले आणि निघाले. पोळ्यानंतर आणखी पंधराशे नेले.

तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "एकदा पेटी काढा. मी बाजूला बसते."

नात आतून म्हणाली, "आजोबा, नगं ना! पुन्हा इज्जत घालवताव का?"

"तू समोर बस, माकडे," ते म्हणाले.

मी मान वर केली आणि त्यांच्या हातांकडे बघितलं. उजवा हात बोटभर वर राहत होता. बांगड्या नव्हत्या, म्हणून चहाच्या बशीवर नख वाजवलं. त्यांनी हात खाली घेतला. दुसऱ्यांदाही वाजवावं लागलं. तिसऱ्यांदा माझी बोटं बशीवर नुसतीच थांबली.

"अगं बाई, गेलं कुठं?" नात पेटीच्या मागं जाऊन बघायला लागली.

कंडक्टर पेटी मला परत द्यायला लागले.

"राहू द्या," मी म्हणाले. "गुपित तुमच्यापाशी हाय, तर पेटीबी तुमच्यापाशीच."

दुकानात अजून कधी कधी वाजतं. आता मी वळून बघते. पडदा स्थिर असतो.

त्या दिवशी मुरुडहून निघताना मी शेवटचे पंधराशे कंडक्टरांच्या हातात दिले. त्यांनी जुन्या सवयीने बोटाला थुंकी लावून मोजले, आणि साडेचार हजार पुरे झाले.