टेकवलेली कावड

या सदरात कुणी गूढ अनुभव लिहिला की खाली "चष्म्याचा नंबर तपासून घ्या" असं लिहिणारा मीच. तेव्हा आज माझ्यावर हसायचा सगळ्यांना पूर्ण अधिकार आहे...

बँकेतल्या बदलीमुळे आम्ही चार वर्षं कोलकात्यात आहोत, ऑफिस एस्प्लनेडला. गेल्या वर्षी मुलीला डेंग्यू झाला तेव्हा आईने तारकेश्वरच्या महादेवाला नवस केला – शेवडाफुलीच्या घाटावरून गंगेचं पाणी कावडीने चालत नेईन, वाटेत कुठेही जमिनीला टेकवणार नाही. तोवर भात बंद. मुलगी बरी झाली आणि आईच बाथरूममध्ये पडून खुबा मोडून बसली. "नवस राहिला तर पोरीवर येईल रे," हे रोजचं. दिवसेंदिवस वाळत चाललेली आई बघवेना. शेवटी म्हटलं, मी जातो.

आणि इथेच माती खाल्ली. भिंतीवरच्या आपल्या मराठी कॅलेंडरवरून श्रावणातला शेवटचा रविवार धरला. बंगाली श्रावण आपल्या आधीच संपतो, हे चार वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं! त्यांच्या श्रावणात या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते; कावडी टांगायला जागोजागी बांबू बांधलेले असतात. मी निघालो तेव्हा नुसता रस्ता, भाताची शेतं आणि ऊन.

सिंगूरला पोचेपर्यंत खांदे सोलून निघाले होते. तिथल्या चहावाल्याला बांबूबद्दल विचारलं.

"वो तो सब खुल गया, दादा. श्राबोन शेष!" तो हसला. म्हणजे बांबू सोडले, श्रावण संपला. बिचाऱ्याने पाच मिनिटं स्वतः कावड धरली, पण गिऱ्हाईक आलं.

हरिपालच्या पुढे, दुपारी तीनच्या सुमारास, रस्त्यातल्या एका मोरीपाशी माझे पाय संपले. आसपास चिटपाखरू नाही. खरं सांगतो – मी कावड खाली ठेवली. चिखलात, दोन्ही मडकी नीट टेकवून. आईला कोण सांगायला जातंय! चार बिस्किटं खाल्ली, कठड्यावर आडवा झालो आणि मेल्यासारखा झोपलो.

जाग आली तर कावड जमिनीवर नव्हती. समोर दोन बांबू रोवलेले, त्यांवर एक आडवा, आणि आडव्याला कावड टांगलेली. मडक्यांची बुडं कोरडी, चिखलाचा ठिपका नाही. बांबूच्या सुतळ्या पावसाने काळ्या पडलेल्या, जुन्या. मी हाका मारल्या... कुणीच नाही. अंगावर काटा आला, पण घाबरायलासुद्धा ताकद लागते. कावड खांद्यावर घेतली आणि चालू लागलो.

सोमवारी पाणी वाहून घरी आलो. आई उशीला टेकून वाट बघत होती.

"टेकवलीस का रे कुठे?"

"नाही" अगदी ओठांवर आलं होतं. "टेकवली गं आई. नाही पेलवलं मला," म्हटलं, आणि घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना रडूच आलं, पन्नाशीच्या माणसाला. आई बराच वेळ माझा खांदा चाचपत राहिली. मग म्हणाली, "सूनबाईला सांग, आज माझाही भात लाव म्हणावं."

पुढच्या रविवारी गाडी काढून मुद्दाम तिथे गेलो. मोरी सापडली. कठड्याखाली माझ्या बिस्किटांचा कागदही पडला होता. बांबू नव्हते, जमिनीत खड्डेही नव्हते. सिंगूरचा चहावाला म्हणाला, तिथे कधीच बांधत नाहीत, दादा.

ते कुणी रोवले, मला आजही सांगता येत नाही. कावड मी टेकवली होती, एवढं मात्र नक्की. आणि आई आता दोन्ही वेळा भात खाते.