मातीचा माणूस चालला तो रविवार

प्लेगाच्या साथीआधीच्या वर्षी, माघातल्या एका रविवारी दुपारी, कल्याणच्या कुंभारवाड्यात मातीचा माणूस चालला. मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि तिथे हजर होतो.

माणूस वीतभर उंच. आत तार, बाहेर शाडू, डोक्यावर मिठाची टोपली, ती धरायला दोन्ही हात वर. घडवणारा गणपती करणारा कुंभार, माझा शाळासोबती. माझा मावसभाऊ मुंबईत एका फोटोग्राफरकडे कामाला होता. त्याने मालकाचा कॅमेरा आणि फोटो उतरवायच्या सहा काचा दोन दिवसांसाठी आणल्या होत्या. बेत असा: पाय जरासा हलवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायचा. चित्रे पुठ्ठ्याच्या गोल डब्यात आतून चिकटवायची, डबा कुंभाराच्या चाकावर फिरवायचा आणि त्याला पाडलेल्या बारीक फटींतून पाहायचे.

चाक कुंभाराच्या थोरल्या भावाच्या ताब्यात होते. त्याने बजावले होते, "रविवारी दिवस मावळेपर्यंत माती चालली तर ठीक. नाहीतर बाहुल्या बंद. सोमवारपासून मडकी."

शनिवारी सहाही काचा संपल्या. रविवारी सकाळी उन्हात चित्रे छापली. डब्यात जागा बारा होत्या, म्हणून तीच सहा दोनदा चिकटवली आणि काठीने चाक फिरवले. आम्ही तिघे, थोरला आणि कुंभाराची बायको, पाचही जण फटींना डोळे लावून वाकलो.

माणसाने उजवा पाय उचलला, टेकवला. पुन्हा उजवाच. डावा जागचा हलेना.

"अगं बाई, हा तर लंगडी घालतोय!" कुंभाराची बायको म्हणाली.

"काटा मोडला असेल पायात," थोरला म्हणाला.

कुंभार गोरामोरा झाला. "उजवा पाय आधी, हे हाताचं वळणच आहे रे. मूर्तीचा डावा पाय पुढे मी कधी केलाच नाही."

नवी काच एकही नव्हती. मावसभावाने त्यातलीच एक उचलून उन्हासमोर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि ओरडला, "अरे, माणूस समोरून येतोय ना? काच पालथी घालून छाप! उजव्याचा डावा होतो!"

कुंभाराने काच जवळजवळ हिसकावली. "दाखव, दाखव!"

"फोडशील! वहिनी, कागद आणा लवकर!"

पालथ्या काचांची चित्रे किंचित अंधुक आली. दुसरी सहा काढून त्या जागी ती लावली. चाक फिरले.

उजवा. डावा. उजवा. कंबर लचकत होती, टोपली डोलत होती.

"आला! आला!" कुंभार नाचायला लागला.

"अहो, अंगावर येतोय!" म्हणत बायको मागे सरकली.

चाकाची गती मंदावली तसा थोरला म्हणाला, "सर बाजूला, थांबेल तो." काठी त्याने स्वतःच्या हातात घेतली. दुपारभर ती त्याने कोणाला दिली नाही.

संध्याकाळच्या गाडीने कॅमेरा मुंबईला परत गेला. सोमवारी थोरला भाऊ दुसऱ्या चाकासाठी लाकूड पाहायला शहाडला गेला.