मामांचा भिंतीचा भाव

अमेरिकेत गिऱ्हाइकांना पळवून लावून धंदा टिकवणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे.

आमच्या बेलव्ह्यू गावात जिकडेतिकडे उतार, त्यामुळे घरामागची माती धरून ठेवणाऱ्या भिंती डिझाइन करून बाकीचे इंजिनियर सुखाने जगतात. कोणी तासावर फी लावतो, कोणी भिंतीच्या लांबी-उंचीवर. असल्या क्षुद्र हिशेबात मामा पडत नाहीत. गिऱ्हाईक घरामागच्या लाकडी डेकवरून तळ्याचा देखावा दाखवत असताना ते उताराच्या तळाशी उतरतात आणि भिंत पडली तर कोणावर पडेल ते बघतात. खाली नुसतं गवत असेल तर फी किरकोळ. शेजाऱ्याचं गॅरेज असेल तर बऱ्यापैकी. कोणाची झोपायची खोली असेल, तर आकडा ऐकून गिऱ्हाइकालाच आधार द्यावा लागतो. त्यातून गिऱ्हाईक ओळखीचं निघालं की आणखी वाढ! "अनोळखी माणूस एकदाच कोर्टात भेटतो, ओळखीचा दर गणपतीत भेटतो," हे त्यांचं अर्थशास्त्र. एक उत्साही तरुण म्हणाला, "काका, फक्त इंजिनियरचा स्टॅम्प मारायचाय, ड्रॉइंग मी डाउनलोड केलंय." "मग स्टॅम्पही डाउनलोड कर," म्हणून मामा गाडीत बसले.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरामागची जुनी लाकडी भिंत घराच्या बाजूला झुकली. काम फुकटात व्हावं असं मनात होतं; त्याची लाज वाटून मी पुरणपोळीचा बेत ठेवला. मामा जेवणाआधीच मागे गेले. भिंतीसमोर माझ्या मुलीच्या खोलीची खिडकी होती.

"मामा, सांगून टाका आकडा," मी धीर करून म्हणालो.

"जावईबापू, ह्या भिंतीला माझ्याकडे आकडा नाही. दुसऱ्याकडून करून घ्या."

बायको भडकली. "गावभर भिंती बांधल्यात, मामा, आणि घरचीच नको?"

"घरचीच नको गं. भीती वाटली की माझं गणित चुकतं."

शेवटी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलीने डिझाइन केलं. तासावर फी, काम चोख. चेक लिहिताना मी मनातल्या मनात मामांना काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आता मोठा पाऊस लागला की मामांची गाडी आमच्या दारात उभी राहते. बेल वाजवत नाहीत. छत्री सावरत मागे जातात आणि भिंतीतून पाणी निघायला ठेवलेल्या प्रत्येक भोकापुढे वाकून धार तळहातावर घेतात. माझी मुलगी खिडकी उघडून ओरडते, "आजोबा, कम इनसाइड! यू आर सोकिंग वेट!"

"तू खिडकी लाव, बाळ. पाणी नीट वाहतंय."

मी चपला घालून मागे पोचेपर्यंत गाडी वळलेली असते.