हळदीनंतर ब्लीच नाही

अक्का चिडल्या तरी दातांतला दोरा सोडत नसत. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरलेलं असायचं आणि शिव्या त्याच फटीतून बाहेर यायच्या. दोंडाईच्यात स्टेशनच्या वाटेवर त्यांचं पार्लर होतं, दोन खुर्च्यांचं. गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं आणि अक्का त्याच्या डोक्यावरून आम्हा शिकणाऱ्या पोरींवर बरसताहेत, हे रोजचंच. गिऱ्हाईकंही सुटत नसत. लग्नात पोरगी गोरी दिसली पाहिजे, असं एखादी आई म्हणाली की अक्का विचारायच्या, "काळी शे ते काय व्हयनं? आंधळी ते नही ना?"

बारावीत नापास झाल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला गेले. मला वाटलं होतं, लगेच कुणाच्या तरी भुवया हाती येतील. अक्कांनी माझ्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं आणि माझ्याच पायाकडे बोट केलं. "पहिले आपला पायवर कर. चेहरा शे हाऊ, भिंत नही." महिनाभर मी स्वतःच्या पिंढरीवरचे केस उपटत बसले. पाय लाल झाला, आई घरी ओरडली, पण अक्कांनी दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावू दिला नाही.

त्या स्वतः आयटीआयत वर्षभर शिकल्या होत्या. दोन लेकरं सासूजवळ टाकून रोज एसटीनं धुळ्याला जायच्या. म्हणून अकॅडम्यांच्या जाहिराती पाहिल्या की त्यांचं डोकं फिरायचं. आठ दिवसांत ब्यूटिशियन! आठ दिवसांत धड भेंडीची भाजी जमत नाही माणसाला. वर काळा गाऊन, चौकोनी टोपी आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. "दुकानले कागद लागस, हातनं काम कोन्हीच देखत नही," असं अक्का म्हणायच्या, आणि आज धुळ्यात माझं स्वतःचं पार्लर आहे तर मीही तेच म्हणते. तसली सर्टिफिकेटं घेऊन पोरी माझ्याकडे कामाला येतात. बापानं कुठून कुठून फी गोळा केलेली असते आणि पोरीला वॅक्स किती गरम करायचं तेही ठाऊक नसतं. मला पोरीचा राग येत नाही. तिला फसवणाऱ्यांचा येतो.

मजुरीच्या बाबतीत अक्का कुणाची भीड ठेवत नसत. आमच्याकडे नवरी सजवून झाली की घरातल्या बायका पार्लरवालीची ओटी भरतात. नारळ, ब्लाउजपीस, कुंकू, आणि वर "तुम्ही तर घरच्याच" हे वाक्य. ते ऐकलं की पार्लरवालीनं लाजून निघून जावं अशी अपेक्षा असते. अक्का नारळ कपाळाला लावून पिशवीत ठेवायच्या आणि तिथंच उभ्या राहायच्या. "आपला कामना पैसा मांगाले लाज कसानी?" असं आम्हाला मोठ्यानं ऐकवायच्या, म्हणजे ते घरातल्यांनाही ऐकू जायचं. पैसे मिळायचेच.

आणि एक नियम होता, तो आम्ही झोपेतही म्हटला असता: हळद लागल्यावर ब्लीच नाही. हळद चोळून चोळून नवरीची कातडी आधीच नाजूक झालेली असते. ब्लीच करायचंच तर आठवडाभर आधी, तेही कानामागे लावून बघून. पिवळेपणा जात नाही म्हणून कुणी लग्नाच्या सकाळी हट्ट धरला, तर अक्का दही-बेसन लावायच्या आणि गप्प बसवायच्या.

आमच्याच गल्लीतल्या वैशालीचं लग्न होतं. वराकडची उष्टी हळद घेऊन नवरदेवाची बहीण आली आणि मुक्कामाला राहिली. ही अशाच एका अकॅडमीची, आठ दिवसांची. लग्नाच्या सकाळी आम्ही मेकअपची पेटी घेऊन पोचलो, तोवर वैशालीचा चेहरा लालबुंद होऊन सुजला होता. "वहिनीला जरा उजळ केलं," नणंदबाई म्हणाल्या. अक्का कितीतरी वेळ तो चेहरा गार पाण्यानं धूत राहिल्या आणि वैशालीच्या भावाला डॉक्टरांकडे पिटाळलं. वैशालीची आई हात जोडून म्हणाली, "अक्का, फाउंडेशन लावा, झाका, पाया पडते." अक्कांनी पेटी बंद केली. "मी येनावर काहीच लावाव नही."

डॉक्टरांचं मलम लावून, सुजल्या तोंडानं वैशाली मांडवात उभी राहिली. वराकडच्यांनी विचारलं, हे काय झालं? नणंदबाईंनी सरळ सांगितलं, "पार्लरवालीनं काहीतरी लावलं." सगळा मांडव अक्कांकडे वळला. मी तोंड उघडलं, तर अक्कांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. चार आण्याच्या कोथिंबिरीवरून बाजार डोक्यावर घेणारी बाई, त्या दिवशी मान खाली घालून उभी राहिली. वैशालीला सगळं माहीत होतं. तिनं एकदा अक्कांकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

पुढच्या लग्नसराईत एकही नवरी आमच्याकडे आली नाही. "चेहरा जाळते ती" म्हणून बायका भुवया करायलासुद्धा यायच्या बंद झाल्या. ज्यांच्या तीन-तीन लेकी अक्कांनी सजवल्या, त्याही. दुकानाचं भाडं निघेना, तेव्हा अक्कांनी खुर्च्या विकल्या आणि सुरतेला लेकीकडे जायचं ठरवलं.

मी स्टेशनवर सोडायला गेले ती भांडायलाच. म्हटलं, "अक्का, एवढ्या तेवढ्यावरून जगाला शिव्या घालता आणि स्वतःवर आलं तेव्हा वाचा बसली तुमची? खरं का नाही सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे खुळीकडे बघावं तसं पाहिलं. "मी मांडवमा नणदनं नाव घेती ते वैशालीले तठे सासरमा कोन सुखमा ऱ्हावू देतं?" एवढं बोलून त्या डब्यात चढल्या.

अक्का सुरतेतच वारल्या, दोन वर्षांपूर्वी. लेकीनं फोन केला, तेव्हा सांगितलं की तिथं त्यांनी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्याला हात लावला नाही. वैशालीचा संसार नीट चाललाय. दोन मुलं आहेत, नणंदेचं येणंजाणं आहे. चांगलंच आहे. लोक म्हणतात, अक्का मोठ्या मनाच्या होत्या. ते ऐकलं की माझं डोकं आजही तडकतं. मला त्यांचं मोठं मन नको होतं. त्या मांडवात, सगळ्यांसमोर, मला त्यांच्या तोंडून शिव्या ऐकायच्या होत्या.